सकाळी अकराची चोरी

खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालक खोली दाखवतात. अण्णा म्हणाले, "आधी मोरी बघू."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. मी नागपूरहून बंगलोरला नोकरीसाठी आलेली, वर्षभरात दोन खोल्या सोडाव्या लागलेली मुलगी. मोरी स्वच्छ आहे का, पाणी तुंबत नाही ना, हे मीही आधी बघायची. पण अण्णांनी पायांत चपला सरकवल्या, दाराआडची लांब दांड्याची हातोडी घेतली आणि मला घराबाहेरच काढलं. स्टेशन ओलांडून रुळांच्या कडेनं दहा मिनिटं चालवलं आणि रेल्वेच्या भरावाखालच्या एका दगडी कमानीसमोर उभं केलं. आत कोरडी वाळू, शेळ्यांच्या लेंड्या, कुणाचीतरी एक चप्पल.

"ही मोरी," असं म्हणून त्यांनी कमानीच्या दगडावर हातोडीनं टक टक केलं. "इतकी वर्षं झाली, एक दगड हलला नाही. रेल्वे उगाच मोरी बांधत नाही. पाणी येतं म्हणून बांधते. आता त्या बाजूला बघ."

भरावाच्या पलीकडं, मोरीच्या तोंडापासून वीसेक पावलांवर, सिमेंटची नवी कोरी भिंत होती. भिंतीमागं प्लॉट पाडलेले, खुणेचे दगड रोवलेले, चार-दोन घरं उभी राहत होती.

"मग पाणी आलं तर जाणार कुठं?" मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "हेच. हेच मी सगळ्यांना विचारलो. तू पहिली, जी उलट मला विचारतेस. खोली तुझी. बाकीचं अक्काला विचार."

खोली मी आत पाऊल टाकायच्या आधीच घेतली होती.

गाव येलहंक्याच्या पुढं, रेल्वेलाइनवर. नाव मुद्दाम लिहीत नाही. तेव्हा त्याला स्वतःचं स्टेशन होतं, सोमवारचा बाजार होता, एक तळं होतं, कन्नड शाळा होती. आता ते शहराचा एक वॉर्ड आहे, आणि गावाचं नाव सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे कुठल्या अपार्टमेंटपाशी?"

अण्णांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर इकडं उतरलेलं. घरात बोलायची ती मराठीच, पण कानडीच्या शेजारात मुरलेली. "मी सांगितलं" असं ते कधी म्हणायचे नाहीत, "मी सांगितलो" म्हणायचे. पहिल्या महिन्यात मला हसू यायचं. पुढं पुढं वाटायला लागलं की त्यांच्या बाबतीत तेच व्याकरण बरोबर आहे. जे सांगायचं त्यात हा माणूस स्वतः अख्खा उतरायचा.

रेल्वेत ते रुळांचे इन्स्पेक्टर होते. उभी हयात रूळ, स्लीपर, मोऱ्या आणि पूल तपासत पायी चालण्यात गेली. निवृत्त झाल्यावर रेल्वेनं रूळ काढून घेतले, पण तपासायची सवय यांच्याकडंच राहिली. मग त्यांनी गाव तपासायला घेतलं. विजेचा खांब, शाळेची भिंत, बसथांब्याचं छप्पर, बाजारातलं कलिंगड, जे दिसेल त्यावर हातोडी टेकवायची आणि मान वाकडी करून ऐकायचं. चांगल्या वस्तूला ते "खणखणीत" म्हणायचे आणि वाईट वस्तूला "बद्द". माणसांनाही हीच दोन विशेषणं. पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन होतं, हार घातलेले पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. अण्णा टाकीच्या चारी खांबांना हातोडी लावत फिरले आणि तिसऱ्या खांबाशी थांबून सभेला ऐकू जाईल असं ओरडले, "बद्द!" त्यांना दंडाला धरून मांडवाबाहेर नेण्यात आलं. बाहेरून ते परत ओरडले, "मला धरलात. खांबाला कोण धरणार?"

रविवारी भाडेकरूंना घेऊन ते गावाच्या तपासणीवर निघायचे. भाडेकरू म्हणजे मी आणि पलीकडच्या खोलीतला एक केरळी फिटर. आम्हाला ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी "नागपूर", तो "पालघाट". "ए नागपूर, पाच मिनिटांत बाहेर! आज तळ्याची लाइन." फिटर बिचारा आजारपणाची सबब सांगून सुटायचा. मला सबबी सुचायच्या नाहीत. रविवारी सकाळी केस धुऊन पुस्तक घेऊन पडावं असं माझं साधं स्वप्न होतं, आणि मी चिखलातून त्यांच्यामागं फरफटत असायची. फार राग यायचा. एकदा मी म्हटलंही, "अण्णा, हे नगरपालिकेचं काम आहे."

"आणि नगरपालिका कुणाची? तुझ्या मावशीची?"

स्वभाव सोपा नव्हता. आधीच्या एका भाडेकरूनं नळ उघडा टाकला म्हणून त्याचं सामान त्यांनी अंगणात ठेवलं होतं. लग्नाच्या पंगतीत, अन्न टाकणाऱ्या नवरदेवाच्या मामाशी त्यांचं भांडण झालं. अक्का, त्यांची बायको, या सगळ्यावर एकच वाक्य बोलायची, "स्वल्प हळू बोला, झाडांना त्रास होतो." मागच्या अंगणात तिची झाडं होती. अबोलीचे वाफे, पाच नारळ, कढीलिंब आणि विहीर. त्या विहिरीचं पाणी मी पहिल्यांदा प्याले तेव्हा अण्णा समोर उभे होते, परीक्षेला बसवल्यासारखे. मी म्हटलं, "गोड आहे."

"गोड नव्हे," ते म्हणाले. "आपलं आहे. पाइपातून आलेलं पाणी गोड असलं तरी आपलं नसतं."

पण त्यांचा खरा राग होता तो सकाळच्या गाडीवर. सात-चाळीसची पॅसेंजर आणि तिच्यामागून सुटणाऱ्या दोन बस अख्ख्या गावातली कर्ती माणसं उचलून बंगलोरला न्यायच्या. कारखाने, कचेऱ्या, बँका, शाळा, आणि नुकतीच उघडलेली कॉम्प्युटरची ऑफिसं. मी त्यातलीच. संध्याकाळी सातनंतर सगळे परत. अण्णा रोज सकाळी प्लॅटफॉर्मवर येऊन उभे राहायचे आणि लोकांना बातम्या द्यायचे. "दुसऱ्या क्रॉसच्या गल्लीत पाइप फुटलाय, कोण येतो बघायला? शाळेच्या मैदानात लॉऱ्या उभ्या करतायत, कुणी विचारलात?" लोक पेपर उघडायचे. जे पेपर घेत नसत तेसुद्धा शेजाऱ्याच्या पेपरात तोंड घालायचे. गाडी हलली की अण्णा मागून ओरडायचे, "जा, जा! लॉज आहे हे. आंघोळ करा, झोपा, जा!"

मला त्यांची लाज वाटायची. डब्यातल्या बायका विचारायच्या, "तुमचे घरमालक ना?" मी खिडकीबाहेर बघायची.

एका संध्याकाळी मी त्यांना सांगून टाकलं, की लोक पोटासाठी जातात, गाव सोडून पळत नाहीत. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"ऐक. बाकीच्या गावांत चोरी रात्री होते. माणसं निजलेली असतात. इथं रात्री माणसं घरात असतात, म्हणून चोरी सकाळी अकराला होते. मोरीसमोर प्लॉट पाडलेत, त्या लेआउटसाठी कालवा बुजवला, तो कधी बुजवला? सकाळी अकरा. महिनाभर लॉऱ्या आल्या, माती टाकून गेल्या. रविवारी एक लॉरी नाही. गावात कोण होतं? मी, अक्का, शाळेची मुलं, कुत्री. मी लॉरीपुढं उभा राहिलो. ड्रायव्हर चांगला माणूस होता, उतरून मला बाजूला बसवला, पाणी दिला, माती टाकला, गेला. संध्याकाळी मी स्टेशनवर सगळ्यांना सांगितलो. 'अय्यो, असं का अण्णा?' म्हणाले आणि घरी गेले."

तो कालवा मोरीतून निघून गावाखालच्या तळ्याला मिळायचा. वरच्या माळाचं सगळं पाणी त्यातून जायचं. दोन्ही काठ दगडांनी बांधलेले होते, हे अण्णांनी स्वतः बघितलेलं. लेआउट झाल्यावर तिथं राहायला आलेल्यांना ते खरं वाटेना. तेव्हा अण्णांनी एके सकाळी पहार घेऊन तिथल्या नव्या रस्त्यात खड्डा खणला, काठाचा दगड उघडा करून दाखवला. मीही तो पाहिला. लेआउटच्या संघाचा सेक्रेटरी बँकेत काम करणारा, सभ्य माणूस. त्यानं सभ्यपणे पोलिसांत तक्रार दिली. अण्णांना दिवसभर चौकीत बाकड्यावर बसवलं. खड्डा दुसऱ्या दिवशी डांबरानं भरला. ते काम मात्र गावात कधी नव्हे इतक्या लवकर झालं.

आता माझ्या वाट्याचं सांगते.

मी नकाशे काढायची. शहरातल्या एका सल्लागार ऑफिसात ट्रेसिंगच्या कागदावर शाईच्या पेनानं. त्या काळी कॉम्प्युटरवर नकाशे काढायला आमच्याकडं कुणी शिकलेलं नव्हतं. एक दिवस साहेबांनी नवं काम माझ्या टेबलावर ठेवलं. आमच्याच गावाचा विकास आराखडा. मला आनंद झाला. गाव मी रविवारी रविवारी पायाखाली घातलेलं होतं. नकाशाबरोबर एक टाइप केलेला अहवाल होता, त्यात एक पान 'बलस्थानं आणि आव्हानं'. बलस्थानं: रेल्वेची सोय, स्वस्त पडीक जमीन, मुबलक भूजल, उत्तम हवा. आव्हानं: अरुंद रस्ते, अनियमित वस्ती, विकासाला विरोध करणारी मानसिकता.

ते पान मी घरी नेलं. नेऊ नये, हे कळत होतं. अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि लाल पेन्सिल मागितली.

"मुबलक भूजल. कोण मोजला?"

"माहीत नाही."

"कुठल्या विहिरीवर आला होता? किती दोर सोडला? माझ्या विहिरीचं पाणी सहा वर्षांत दोन पुरुष खाली गेलंय. आणि हे काय, पडीक जमीन? कुठली पडीक?"

मी नकाशा आठवून सांगितलं. तळ्याच्या वरच्या अंगाचं ते सपाट रान.

"पडीक!" ते उठून उभे राहिले. "तिथं पाणी निजतं, मुली. पावसाळ्यात तळं भरलं की पाणी तिथं येऊन निजतं, नंतर हळू हळू विहिरींत उतरतं. निजलेल्या माणसाला मेला म्हणून जाळतात काय?"

त्या पानावर बलस्थानांखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: तळं, तीन चांगल्या विहिरी, सोमवारचा बाजार, पायी जाता येईल अशी शाळा, एकमेकांचं नाव माहीत असलेली माणसं. आव्हानांखाली एकच ओळ: दिवसा गावात कुणी नसतं.

तो कागद मी ऑफिसात दाखवला नाही. माझ्या कपाटात ठेवला.

आराखड्यावर हरकती ऐकायची सभा गावच्या कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, ठेवली. बुधवार, सकाळी अकरा. पत्रक वाचून अण्णा इतक्या मोठ्यानं हसले की अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बघितलीस? अकराच!" मंगळवारी ते प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. नेहमीसारखे ओरडले नाहीत. एकेकाजवळ जाऊन हात जोडून म्हणाले, "एक दिवस रजा टाका. एकच दिवस." पुष्कळांनी हो म्हटलं. खरोखर मनापासून म्हटलं असणार.

बुधवारी मंटपात खुर्च्या मांडलेल्या होत्या. पहिल्या रांगेत जमिनी विकणारे, पांढऱ्या कपड्यांत. मागं रजा घेऊन आलेले दोघं, एक पोस्टमन आणि कन्नड शाळेच्या एक बाई. आणि व्यासपीठावर, साहेबांच्या शेजारी, नकाशा धरून उभी असलेली मी.

अण्णांनी मला पाहिलं. नकाशा पाहिला. माझ्याशी ओळख आहे असं त्यांनी डोळ्यांतही दाखवलं नाही.

त्यांना बोलायला तीन मिनिटं मिळाली. त्यांनी कानडीत सुरुवात केली, शांतपणे. मोरी, कालवा, तळं. साहेबांनी मधेच थांबवलं.

"तुमची जमीन या योजनेत जाते का?"

"नाही."

"घर जातं? रस्ता रुंद होताना भिंत जाते?"

"नाही."

"मग तुमची हरकत कशी घेणार? ज्याचं नुकसान होतं त्यानंच हरकत घ्यायची असते."

अण्णा म्हणाले, "गाव माझं आहे. ही हरकत लिहून घ्या."

साहेब कारकुनाकडं बघून हसले. कारकुनानं काही लिहिलं नाही. मी नकाशाची दोन्ही टोकं घट्ट धरून उभी होते. मला बोलता आलं असतं. त्या रस्त्यात डांबराखाली दगड आहे, मी बघितलाय, एवढं म्हणायला दहा सेकंदं लागली असती. आजही त्या दहा सेकंदांनी माझे कान तापतात.

त्या संध्याकाळी घरी जायला पाय उचलत नव्हते. अण्णा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "जेवलीस? अक्कानं बिसीबेळे केलीय." बस. त्या दिवसाबद्दल ते मला पुन्हा कधीही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरातला एक रविवार. आदल्या दोन दिवसांत माळावर धो धो पाऊस झाला होता. दुपारी जेवणं आटोपून आम्ही बसलो होतो, तर लेआउटचा सेक्रेटरी दारात. कमरेपर्यंत भिजलेला, चष्म्याची एक काडी तुटलेली.

"अण्णा, पाणी शिरलं. मोरीतून येतंय. भिंत पडली. घराघरांत गुडघ्यापर्यंत आहे, चढतंय. म्हातारी माणसं आहेत, बाळंतीण आहे एक. काय करू?"

अण्णांनी हातोडी उचलली. चालता चालता त्याला जे झापायला सुरुवात केली ते तिथं पोचेपर्यंत. "माझ्यावर पोलीस आणलास. आता पाण्यावर आण! बाकड्यावर बसव त्याला!" तो माणूस मान खाली घालून, प्रत्येक वाक्याला होकार भरत, "हौदु अण्णा, हौदु अण्णा" म्हणत होता. आणि हे सगळं बोलत असताना अण्णांचे डोळे पाण्यावर होते. कुठून येतंय, कुठं अडतंय, कुठल्या बाजूला कलतंय.

लेआउटमधून बाहेर पडायला पाण्याला वाट नव्हती. कालवा बुजलेला, त्यावर घरं. एकच बाजू खालची होती. लेआउटच्या मागची अण्णांची भिंत आणि तिला लागून अण्णांचं मागचं अंगण. अंगणापलीकडं कालव्याचा शिल्लक राहिलेला तुकडा तळ्याकडं जात होता.

अण्णा घरी परत आले. अक्का मागच्या दारात उभी होती. तिला ते म्हणाले, "तुझी झाडं जातील."

"आणि विहीर," अक्का म्हणाली.

"आणि विहीर."

अक्कानं दोरीवरचे कपडे काढून घेतले. धुण्याच्या दगडावरची बादली उचलली. "विचारता काय? बाळंतीण आहे म्हणतायत ना?"

अण्णा भिंतीला हातोडी लावत चालले. टक. टक. मान वाकडी. पावसात ऐकू काय येत होतं कुणास ठाऊक. मधे एका जागी थांबले. "इथं बद्द आहे. इथं घाला."

पहिली पहार फिटरनं घातली, दुसरी सेक्रेटरीनं, मग मी. दगड निसटला तसं पाणी आत घुसलं. आधी हातभर धार, मग भिंतीचा दाराएवढा तुकडाच कोसळला. तांबडं, घाण, कुणाची भांडी, कुणाची वह्या-पुस्तकं घेऊन पाणी अबोलीच्या वाफ्यांवरून गेलं. विहिरीच्या कठड्यावरून आत पडायला लागलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो. अंधार पडायच्या आत लेआउटमधलं पाणी ओसरलं. बाळंतीण आणि दोन म्हाताऱ्या आमच्या पुढच्या खोलीत निजल्या. अण्णा त्यांना चहा देत होते आणि त्यांच्या मुलांना शिव्या.

विहीर तीनदा उपसली. वास गेला नाही. ते पाणी पुन्हा कुणी प्यालं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मला वाटलं की अण्णा जिंकले. सेक्रेटरी स्वतः घरोघर फिरून कालवा मोकळा करावा म्हणून अर्जावर सह्या घेत होता. प्लॅटफॉर्मवर लोक अण्णांना नमस्कार करायचे. कुणी पेपर उघडायचं नाही.

मग थंडी आली, चिखल वाळला. माणसं हिशेबी झाली. कालवा मोकळा करायचा म्हणजे लेआउटचा रस्ता फोडायचा, चार घरांच्या ओसऱ्या पाडायच्या. त्यापेक्षा पाणी अण्णांच्या अंगणातून गेलंच होतं की. छान गेलं होतं. फेब्रुवारीत लेआउटच्या संघानं दुसरा अर्ज दिला, की अस्तित्वात असलेला नाला कायम करावा.

अस्तित्वात असलेला नाला! ज्या माणसानं त्यांच्या म्हाताऱ्या वाचवायला स्वतःची भिंत फोडली, त्याच्या बायकोच्या अबोलीच्या वाफ्याला त्यांनी हे नाव दिलं. संमतीची सही घ्यायला सेक्रेटरी स्वतः आला नाही. त्यानं नगरपालिकेचा शिपाई पाठवला.

मी म्हटलं, "अण्णा, सही करायची नाही. कोर्टात जाऊ."

मला वाटलं होतं आज घर डोक्यावर घेतील. त्यांनी कागद शांतपणे वाचला. "पाणी कुठूनतरी जायला पाहिजे की नाही? ऑक्टोबरात परत येणार ते." मग सहीच्या वर त्यांनी लिहिलं: जुना कालवा मोकळा होईपर्यंतच. आणि सही केली. अन्याय दुसऱ्याच्या दारात असला की हा माणूस आग व्हायचा. स्वतःच्या दारात आला की त्याला फक्त पाण्याचा उतार दिसायचा. मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस बोलले नाही.

आराखड्याची शेवटची प्रत माझ्याच टेबलावर आली. साहेबांनी बोट ठेवलं. "इथून नाला दाखव." निळी रेघ, अण्णांच्या अंगणातून. मी विचारलं, सहीवरची अट कुठं आहे? फायलीत सहीचा कागद होता. आराखड्याला जोडलेली मात्र त्याची टाइप केलेली नक्कल होती. नकलेत अट नव्हती. सही ठेवली होती, अट गाळली होती.

मी नाला काढला. मग पेन पुन्हा बुडवलं आणि मोरीपासून तळ्यापर्यंत, लेआउटच्या घरांखालून, जुना कालवा तुटक रेघेनं काढला. बाजूला लिहिलं, 'बुजवलेला'.

साहेबांनी दाढीचं ब्लेड घेतलं आणि ती रेघ खरवडून काढली. शांतपणे, पेन्सिलीला टोक करावं तसं. "जे नाही ते नकाशात दाखवत नाहीत."

मी पुन्हा काढली. त्यांनी पुन्हा खरवडली. ट्रेसिंगचा कागद तिथं झिरझिरीत झाला. तिसऱ्या वेळी त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. मी राजीनामा लिहिला, टेबलावर ठेवला आणि दुपारच्या गाडीनं घरी निघाले. तिथं राहायला लागल्यापासून पहिल्यांदाच कामाच्या दिवशी मी त्या स्टेशनवर भर दुपारी उतरत होते. अंगात वीज होती. अण्णांना सांगायचं, त्यांना कळू दे की कुणीतरी बोललं, कल्याणमंटपात नाही तर नाही, इथं तरी बोललं.

अण्णा ओट्यावर होते. मी एका दमात सगळं सांगितलं. रेघ, ब्लेड, राजीनामा. ते ऐकत होते. खरवडल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. मी राजीनाम्याशी आले तेव्हा ते ताडकन उठले.

"नोकरी सोडलीस?"

"हो."

"कशाला?"

"अण्णा, त्यांनी रेघ खरवडली..."

"मग परत काढायची! परत खरवडला तर परत काढायची. रोज जायचं, रोज काढायची. कागद फाटला तर नवा घ्यायचा. मूर्ख आहेस काय?" इतक्या वर्षांत ते माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. अक्का दारात आली. "तू तिथं बसली होतीस म्हणून ती रेघ दोन मिनिटं तरी कागदावर होती. आता त्या खुर्चीवर कोण बसणार? मोरी बघितलेला माणूस बसणार काय? आता ती रेघ कोण काढणार, सांग मला. कोण काढणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात-चाळीसच्या गाडीआधी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. साहेबांनी राजीनामा अजून पुढं पाठवलाही नसेल, मागता आला असता. मी गेले नाही. मी मानी होते, आणि त्या वयात मानाला फार किंमत वाटते.

उन्हाळ्यात आराखडा मंजूर झाला. अण्णा नगरपालिकेत जाऊन भिंतीवर लावलेली प्रत बघून आले आणि मला म्हणाले, "रेघ नाही." एवढंच. मीही पुढं एकदा जाऊन पाहिलं. अंगणातून जाणारी निळी रेघ होती. बाकी मोरीपासून तळ्यापर्यंत सगळा कागद स्वच्छ होता, आणि तो स्वच्छ का आहे हे सांगू शकणारं माझ्या जुन्या ऑफिसात कुणी उरलं नव्हतं.